सांबाराची वाटी म्हणजे मी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातला एक फोटो कुणाला दाखवायचा झाला की आधी खुलासा करावा लागतो. नवरा-नवरी हार घालून उभी आहेत. बहीण बरी दिसते आहे, नवरा घामाघूम आहे. आणि दोघांच्या डोक्यांच्या मधोमध, मागून, एक हात वर आलेला आहे. ताठ, पाची बोटं जुळवलेला. नुसता हातच, बाकीचा माणूस नवऱ्याच्या फेट्यामागं दडला आहे. पाहुणे कौतुकानं विचारतात, "हे आशीर्वाद देणारे कोण?"

"आशीर्वाद कसला डोंबलाचा!" मी सांगते. "कुणाचा तरी भाचा वडीलधाऱ्यांच्या आधी पंगतीत जाऊन बसला होता. त्याला ऑफसाइड दिलाय."

तो हात अण्णांचा.

अण्णा आमच्या नात्यातले नव्हेत. येलहंक्याच्या अलीकडे आमचा सरकारी पंपांचा कारखाना होता. मी तिथं वेल्फेअर सेक्शनमध्ये, आणि अण्णा कारखान्याच्या फुटबॉल टीमचे असिस्टंट कोच. दोघंही बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांतले; पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकरीला नुकत्याच उतरलेल्या मंडळींना ज्यांचं मराठी ऐकून हसू आवरत नाही, त्यांतले. मी त्यांना अण्णा म्हणायची आणि ते मला, वयानं केवढे तरी मोठे असून, अक्का म्हणायचे. शिवाय मी टीमची मॅनेजर होते. मला फुटबॉल कळायचा म्हणून नव्हे. वेल्फेअरमधली कॅरमची मॅनेजरी दुसऱ्या कुणीतरी आधीच लाटली होती, म्हणून. माझी कामं तीन: जर्सी धोब्याकडे टाकणं, मध्यंतराला संत्री कापणं आणि अण्णांचं ऐकून घेणं. पहिली दोन सोपी होती.

अण्णा स्वतः एके काळी याच टीमचे डिफेंडर. ठेंगणे, रुंद, नाक एकदा मोडून जरा डावीकडे बसलेलं. सवयीनं आडवेच चालायचे. कॉरिडॉरमध्ये समोरून आले की डावीकडून जावं की उजवीकडून, असा प्रश्न पडायचा, कारण आपण जाऊ तिकडे तेही सरकायचे. अकाउंट्समधला एक बिचारा नवीन मुलगा त्यांना चुकवता चुकवता बाथरूममध्ये शिरला होता, तोही बायकांच्या.

ऑफसाइड म्हणजे काय, हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात कँटीनच्या टेबलावर शिकवलं. तीन स्टीलचे पेले रांगेत मांडले. त्यांच्या शेजारी आपली सांबाराची वाटी ठेवली.

"हे तीन पेले म्हणजे बाकीचे बॅक. सांबाराची वाटी म्हणजे मी. चटणी म्हणजे त्यांचा फॉरवर्ड. बघा अक्का, हा चटणी काय करतो? आम्हा चौघांच्या मागं, गोलकीपरसमोर, आधीच जाऊन उभा राहतो. आणि मग त्याला बॉल देतात. तसा गोल धरत नाहीत. त्याला ऑफसाइड म्हणतात. कळलं?"

"कळलं."

"मग आम्ही काय करायचं? त्यांनी बॉल मारायच्या आत चौघांनी मिळून स्वल्प पुढं सरकायचं. स्वल्पच हं. की हा मागं उघडा पडला. आणि लाइनमनला दिसावं म्हणून हात वर करून थांबायचं."

"आणि लाइनमनला नाहीच दिसलं तर?"

मी आपलं साधं विचारलं. टेबलावरचे बाकीचे तिघं जण डबा आटपून पटापट उठले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. त्यानंतर मी जी गोष्ट ऐकली, ती पुढं कित्येक वर्षं दर आठवड्याला ऐकली.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कारखान्याची टीम कधी नव्हे ती फायनलला पोचलेली. शेवटची काही मिनिटं, बरोबरी. समोरच्यांनी लांब बॉल टाकला. पेले सरकले, वाटी सरकली, चटणी मागं उघडी पडली. वाटीनं हात वर केला आणि वाटी थांबली. तिला बघून पेलेही थांबले. लाइनमनची झेंडी काही वर गेली नाही. चटणी आरामात पुढं गेली आणि गोल करून आली.

"ऑफसाइड होता," अण्णा म्हणायचे. "एवढा होता." आणि दोन्ही हात पसरून ते जे अंतर दाखवायचे, त्यात कारखान्याची बस उभी राहिली असती. दर वर्षी ते थोडं वाढायचं.

मॅच गेली ती गेली. राज्याच्या टीमसाठी अण्णांचं नाव चाललं होतं, तेही गेलं. पुढं गुडघा गेला. खेळणं संपल्यावर कोच करायची वेळ आली तेव्हा कमिटीतला कुणीतरी म्हणाला म्हणे, "हात वर करून उभं राहणाऱ्याच्या हाती सगळी टीम कशी द्यायची? असिस्टंट असू दे." ते एक वाक्य अण्णांच्या पायांत जे अडकलं ते सुटलंच नाही. चीफ कोच येत होते, जात होते. कुणी गोव्याला गेला, कुणी कलकत्त्याला, एक तर चक्क इन्शुरन्समध्ये गेला. अण्णा बॉलची जाळी खांद्यावर टाकून प्रत्येकाच्या मागं. त्यांच्या डोक्यातलं गणित सरळ होतं: ज्या दिवशी आपल्याला चीफ करतील, त्या दिवशी तो गोल ऑफसाइड ठरला. बाकी काहीच त्यांना नको होतं. पण हे मात्र इतकं हवं होतं की बघवायचं नाही.

गोष्ट संपेपर्यंत जेवणाची सुट्टी संपत यायची. मग अण्णा ती सांबाराची वाटी जवळ ओढायचे, इडली बुडवायचे आणि तोंड वाकडं करायचे. "अय्यो! आपल्या कँटीनवाल्याला गरम सांबार माहीतच नाही." कँटीन कमिटीकडे त्यांनी रीतसर तक्रार केली होती. आचारी बिचारा रडकुंडीला येऊन सगळ्यांना विचारत सुटला होता, तुम्हाला थंड लागतं का, तुम्हाला लागतं का. कुणालाच लागत नव्हतं. पण अण्णांना कोण सांगणार?

आता, मैदानावर केलेला ऑफसाइड मैदानावर ठेवावा की नाही? नाव नको. जगात जो कुणी आपल्या पायरीच्या पुढं जाऊन उभा राहील, त्याच्यासाठी अण्णांचा हात तयार. साहेबाचा पुतण्या तीन जणांना ओलांडून फोरमन झाला: हात वर. बसला पुढच्या दारानं बायकांच्या जागेत कुणी पुरुष चढला: हात वर. एचएसआर लेआउटमध्ये प्लॉट घ्या म्हणून मेहुणा मागं लागला होता. तेव्हा तिथं नुसते खुणेचे दगड आणि एरंडाची झुडपं. अण्णा जाऊन बघून आले. म्हणाले, "गाव इथं, आणि हा तिकडं पुढं जाऊन उभा. ऑफसाइड." आज त्या प्लॉटवर काय उभं आहे, हा विषय मी वहिनींसमोर काढत नाही.

वहिनी म्हणजे अण्णांच्या बायको. शांत बाई, पण बोलली की नेम चुकायचा नाही. "तुम्हाला काय सांगायचं," मला एकदा म्हणाल्या, "आमच्या लग्नात भटजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं, अंतरपाट सरला आणि यांचा हात वर! मी घाबरले. म्हटलं, ह्यांना मी पसंत नाही वाटतं."

"मग काय होतं?"

"काय की. त्यांनाच माहीत नव्हतं. म्हणाले, जातो तसाच."

तेव्हा आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. त्यात हसण्यासारखं नसलेलं काही आहे, हे काही आमच्या ध्यानात आलं नाही.

टीमला शिकवायची अण्णांची रीतही जगावेगळी. वहिनींची एक जुनी, लांबलचक इरकल साडी त्यांनी आणली होती. सकाळी सकाळी आमचे चार धिप्पाड बॅक ती साडी कमरेजवळ धरून एका रांगेत उभे राहायचे. अण्णा समोर. अण्णांचा हात वर गेला की चौघांनी एकदम एक पाऊल पुढं यायचं. साडीला झोळ पडता कामा नये, ताणही पडता कामा नये. कारखान्याच्या फाटकातून आत येणाऱ्या पहिल्या पाळीला रोज हे दर्शन घडायचं. नवीन माणसाला वाटायचं, कुणाच्या घरचं वाळवण चाललंय.

पण शिकवलेलं मुलांच्या हाडांत मुरलं, हे कबूल करायला हवं. अण्णांचा हात वर गेला की चौघांचे चार हात वर. बॉल कुठंही असो. समोरच्या टीमा म्हणायच्या, पंपवाल्यांचे बॅक आले, आता मास्तरांना लघवीला विचारणार. निम्म्या वेळा सापळा जमायचा आणि समोरचा फॉरवर्ड शिव्या घालत परत फिरायचा. उरलेल्या निम्म्या वेळा आमचे चार पुतळे हात वर करून उभे, आणि त्यांच्यामधून कुणीतरी फिरायला निघाल्यासारखा जाऊन गोल करायचा. मग अण्णा लाइनमनकडे बघायचे. ते बघणं ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक.

एक चीफ कोच बाहेरदेशी कोर्स करून आला होता. त्यानं पहिल्याच दिवशी हुकूम काढला: असिस्टंटनं मॅच चालू असताना हात वर करायचा नाही. अण्णा म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. पुढच्या मॅचला दोन्ही हात ट्रॅकपँटच्या खिशांत खुपसून उभे राहिले. पहिला हाफ निभावला. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांनी लांब बॉल टाकला आणि मला शेजारी फर्रर्र असा आवाज ऐकू आला. उजवा खिसा मुळापासून उसवून, अस्तरासकट, अण्णांच्या हाताबरोबर वर गेला होता. चार बॅक थांबले. गोल झाला. तो चीफ कोच सहा महिन्यांत गेला. अण्णांचं मत असं की त्याला ऑफसाइड कळतच नव्हता.

आणि आता लाइनमनबद्दल सांगायला हवं. तो, त्या फायनलचा, आमच्याच मल्लेश्वरमला राहायचा, आमच्याच क्रॉसला, म्हणजे गल्लीत, आमच्यापासून तिसऱ्या घरात. बँकेतून रिटायर झालेला, सज्जन, कन्नड बोलणारा गृहस्थ. फाटकाशी जास्वंद, व्हरांड्यात आरामखुर्ची. मी त्यांना अंकल म्हणायची. अण्णा त्यांना चोर म्हणायचे. आमच्या घरी गणपतीला यायचे तेव्हा त्या फाटकासमोरून जायला नको म्हणून रस्ता ओलांडून पलीकडच्या गटाराच्या कडेनं चालायचे. एका वर्षी नव्या धोतरानिशी गटारात गेले. तसेच आले, तसेच आरतीला उभे राहिले, वास मारत. पण त्या फाटकासमोरून गेले नाहीत.

"अक्का, तुम्ही एकदा विचारा त्यांना," म्हणायचे. "नुसतं विचारा. ऑफसाइड होता की नाही. होता म्हणाले की झालं. मला आणि काही नको."

एका दिवाळीला फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा विचारलंही मी. "अंकल, त्या फायनलमधला तो गोल ऑफसाइड होता का हो?"

अंकलनी ताट घेतलं, रुमालाखाली बघितलं आणि म्हणाले, "यंदा जास्वंदीला कळ्याच नाहीत बघ." आणि आत निघून गेले. मी ते अण्णांना सांगितलं. अण्णा समाधानानं मान हलवत म्हणाले, "चोर बोलेल कसा?"

मग ते वर्ष आलं, ज्याच्यासाठी हे सगळं सांगते आहे. नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. चीफ कोच पुन्हा एकदा सोडून गेलेला, जागा रिकामी. कारखान्यात नवे जनरल मॅनेजर आलेले, दिल्लीकडचे, भाषणाची फार हौस. वर्धापनदिनाला शेजारच्या कारखान्याशी आमची मैत्रीची मॅच असायची. मैत्री फक्त आमंत्रणपत्रिकेवर. आमच्या वेल्फेअर ऑफिसरनी अण्णांना बोलावून घेतलं. "नवे साहेब मॅचला येणार आहेत. जिंका. जिंकलात की चीफसाठी तुमचं नाव मी स्वतः पुढं करतो."

अण्णा त्या दिवशी कँटीनला आलेच नाहीत. मैदानावर एकटेच फिरत होते.

वर्धापनदिनाला शामियाना लागला, खुर्च्यांना पांढरी कापडं चढली, वहिनी मोगऱ्याचा गजरा घालून दुसऱ्या रांगेत येऊन बसल्या. आणि नेमका दोनांतला एक लाइनमन आला नाही. ताप आला म्हणे. मैत्रीच्या मॅचला अशा वेळी यजमानांपैकी कुणीतरी झेंडी धरायची, अशी रीत होती. कोण धरणार, म्हणून रेफ्री बघू लागला, तर समोरच्यांचा कॅप्टनच हसत म्हणाला, "अण्णांना द्या की. नाहीतरी त्यांचा हात वरच असतो."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी झेंडी घेतली, काठी दोनदा तळहातावर आपटून बघितली. मग माझ्याजवळ आले.

"अक्का, आज बघा. बघणारा नीट बघायला असला की मॅच कशी होते, ते आज बघा."

आणि खरंच सांगते, झकास काम केलं हो त्यांनी. त्या गुडघ्यानिशी, त्या वयात, लाइनीवरून आडवे आडवे असे पळत होते की खेळाडूंपेक्षा लोक त्यांनाच बघत होते. थ्रो कुणाचा, कॉर्नर कुणाचा, पटापट. कुणाची बाजू नाही, कुणाशी वाद नाही. वहिनींकडे मी बघितलं. त्या गजरा पुन्हा पुन्हा नीट करत होत्या.

गोल मात्र कुणाचाच होईना. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि आता आमचे फॉरवर्ड अण्णांच्या समोर आले. अगदी शेवटी आमच्या बुटक्या फॉरवर्डला बॉल मिळाला, तो सुटला, आणि बॉल जाळ्यात! सगळं मैदान उठलं. जनरल मॅनेजर उठले, वेल्फेअर ऑफिसर उठले, मी हातातल्या सुरीसकट उठले. रेफ्रीनं शिटी तोंडाला लावली आणि लाइनीकडे बघितलं.

झेंडी वर.

ताठ. लग्नाच्या फोटोतल्यासारखी.

रेफ्रीनं गोल नाकारला. आणि आमचे चार बॅक, ते साडीवाले चौघं, आपापली जागा सोडून अण्णांकडे धावत सुटले. अण्णा, असं काय, अण्णा, गोल होता! आणि ते कसे धावत होते म्हणाल, तर हात वर करून. तेवढ्यात समोरच्यांनी झटकन फ्री किक घेतली. पुढं आमचा गोलकीपर सोडून माणूस नाही. त्यांनी जाऊन गोल केला. शिटी वाजली, मॅच संपली. आम्ही हरलो.

मी संत्र्याची सुरी हातात घेऊन उभी होते, आणि तिचा दुसरा उपयोग क्षणभर माझ्या मनात येऊन गेला.

अण्णा लाइनीवर तसेच उभे होते. त्यांचं लक्ष ना चौघांकडे होतं, ना आमच्याकडे. ते कॉर्नरकडे बघत होते. तिथं समोरच्यांचा एक जाडा बॅक गुडघा टेकून अजून बुटाची लेस बांधत बसला होता.

शामियान्यात चहा-सामोसे झाले आणि जनरल मॅनेजर भाषणाला उभे राहिले. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांना सगळं कळलं होतं. आज त्यांनी काय पाहिलं? एक माणूस पाहिला. स्वतःची टीम, स्वतःच्या टीमचा गोल, समोर स्वतःचा फायदा, आणि तरी त्या माणसानं आपल्याच विरुद्ध झेंडी वर केली! प्रामाणिकपणा याला म्हणतात. देश अशानंच चालतो, कारखानाही अशानंच चालेल. "ऐसा आदमी चाहिए हमें!" साहेब गरजले. टीमचा नवा चीफ कोच आजपासून हाच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. वेल्फेअर ऑफिसर, ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी अण्णांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, कशाला खोटं बोलू? इतकी वर्षं ज्या शब्दासाठी माणूस झुरला, तो शब्द माइकवरून, गावजेवणासारखा, सगळ्यांच्या कानांवर पडला होता. म्हटलं, हरून का होईना, मिळालं बाई एकदाचं.

आणि मागच्या रांगेत एक हात वर गेला.

साहेबांना वाटलं, आभार मानायचे आहेत. "आइए, आइए!"

अण्णा पुढं गेले. माइक त्यांनी घेतला नाही. आपल्या बेंगळुरी हिंदीत म्हणाले, "साब, वो गोल था."

"क्या?"

"गोल था, साब. ऑफसाइड नहीं था. उनका बॅक उधर कॉर्नर में, सबसे पीछे, बैठके लेस बांध रहा था. बाद में दिखा. हाथ पहलेच गया."

साहेब हसले. थोर माणसं नम्र असतात, असं काहीतरी म्हणाले. अण्णा तिथंच उभे. पुन्हा म्हणाले, "गोल था, साब. मेरी गलती." आता शामियाना इतका गप्प झाला की सामोसे तळणाऱ्याची कढई ऐकू येत होती. प्रामाणिकपणावर साहेब तासभर बोलू शकले असते. तो साक्षात समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्यांना काय करावं सुचेना. त्यांनी वेल्फेअर ऑफिसरकडे बघितलं, वेल्फेअर ऑफिसरनी चहाच्या किटलीकडे बघितलं. शेवटी साहेब म्हणाले की नेमणुकीचं कमिटी बघेल. कमिटीनं बघितलं. महिन्याभरात म्हैसूरकडचा एक चीफ कोच आला, आणि अण्णांनी जाळी खांद्यावर टाकली.

पण तो पुढचा भाग. त्या संध्याकाळी कारखान्याच्या बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. वहिनी आपल्या स्टॉपवर उतरल्या. जाताना म्हणाल्या, "स्वयंपाक करून ठेवते, सावकाश या." अण्णा उतरलेच नाहीत. रागावले होते मी, भयंकर रागावले होते. कुणी मागितलं होतं तुमच्याकडे खरं? साहेबाला नाही, वेल्फेअरला नाही, देवाला नाही!

मल्लेश्वरम आलं तेव्हा म्हणाले, "अक्का, ते घरी असतील का?"

"कोण?"

"लाइनमन."

पहिल्यांदा चोर म्हणाले नाहीत.

अंकल व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. अण्णा फाटकाशी थांबले. मीच कडी काढली. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

"सर, गोल होता," अण्णा उभ्या उभ्याच म्हणाले. "तुम्हाला इतकी वर्षं चोर म्हणत आलो, ह्या अक्कांना विचारा. आज माझ्या हातात झेंडी होती. माझा हात आधी जातो आणि डोळा मागून येतो. आज कळलं. तेव्हाही तसंच झालं असणार. तुमचं बरोबर होतं. मला क्षमा करा."

अंकलनी चष्मा काढला. पुसला. मला वाटलं, आता जास्वंद येणार.

"बसा," ते म्हणाले. अण्णा बसले. "मी पाहिलंच नाही हो."

"काय?"

"त्यांचा फॉरवर्ड कुठं होता, तुमचे बॅक कुठं होते, मी काहीच पाहिलं नाही. तुमचा हात पाहिला. एकदम असा वर आला, मी त्या हाताकडेच बघत राहिलो. भानावर आलो तेव्हा बॉल जाळ्यात होता. झेंडी वर करू की नको? काय म्हणून करू? मी बघतच नव्हतो." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "त्यानंतर झेंडी हातात धरली नाही मी. बायकोला सांगितलं, रविवारी दमायला होतं."

म्हटलं, आता अण्णा उसळणार. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली ते हाताशी आलं होतं. माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणत होता की आपण बघत नव्हतो.

"म्हणजे ऑफसाइड असेलही," अण्णा हळूच म्हणाले.

"असेल."

"नसेलही."

"नसेल."

आतून कॉफी आली. दोघांनी प्यायली. मग अंकलनी फाटकापर्यंत येऊन जास्वंदीची एक फांदी तोडून दिली, लावा म्हणाले, सहज लागते. अण्णांनी ती झेंडीसारखी हातात धरली आणि आम्ही क्रॉसच्या कोपऱ्यापर्यंत चालत आलो. या वेळी फाटकाच्या बाजूनं. तिथं थांबून ते माझ्याकडे वळले.

"अक्का, आता मी लोकांना काय सांगू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! चीफची खुर्ची गेली त्याचं नाही वाटलं तेवढं. हा माणूस जी एक गोष्ट घेऊन इतकी वर्षं उभा होता, तीच त्याच्याजवळ राहिली नव्हती. बस आली, ते चढले.

दुसऱ्या दिवशी कँटीन गच्च भरलेलं. जो तो आमच्या टेबलाकडे तिरप्या नजरेनं बघत होता. एका नव्या अप्रेंटिसला कुणीतरी मुद्दाम चढवून अण्णांसमोर बसवलं होतं. त्यानं शिकवल्याप्रमाणे विचारलं, "अण्णा, त्या फायनलमध्ये काय झालं होतं?"

अण्णांनी टेबलाकडे बघितलं. तीन पेले हाताशीच होते. त्यांनी एक उचलला आणि त्यातलं पाणी प्यायले. मग सांबाराची वाटी पुढ्यात ओढली, तिच्यात इडली बुडवली आणि तोंडात टाकली. चटका बसला. डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडं टाकून हा-हा करत ते माझ्याकडे बघत राहिले.

"अक्का," म्हणाले, "गरम आहे की हो हे!"